म्हातारं कुत्रं दत्तक घेताय? मग एवढं पाहून घ्या

पिल्लू न्यायला रांग लागते, आठ वर्षांचं कुत्रं न्यायला कोणी येत नाही. रेस्क्यूचं काम करणाऱ्या कोणालाही विचारा, हेच सांगतील. ही मोठी कुत्री येतात कुठून तर साहेबांची बदली झाली, घरात बाळ आलं, घर विकून फ्लॅटमध्ये गेलो, आणि सगळ्यात कॉमन म्हणजे ते आजारी पडलं आणि खर्च करायची वेळ आली. लॅब नाहीतर शेफर्डची मादी असेल तर बऱ्याचदा तिच्याकडून पिल्लं काढून काढून झालेली असतात, थनं लोंबलेली, कोपरं घासून काळी पडलेली, आणि एक दिवस हायवेला सोडून दिलेली. त्यात गल्लीतली गावठीही आलीच, आयुष्यभर ज्या टपरीमागे झोपली ती टपरीच उठली, आता दिसतं कमी, पायाला जखम, आणि बाकीची कुत्री टिकू देत नाहीत.

असं एखादं घरी आणायचं मनात असेल तर आणाच, पण नुसतं "बिचारं आहे" म्हणून आणू नका. कीव येऊन आणलेलं कुत्रं पहिल्या मोठ्या बिलाला परत जातं, हे मी लय वेळा पाहिलंय. आणि एक गोष्ट मी पुढे फिरून फिरून सांगणार आहे ती आत्ताच सांगून टाकते, "वय झालंय त्याचं" हे निदान नाही. उठताना कण्हतं, तोंडाला वास येतो, रात्रभर फिरतं, जेवण सोडतं, यातलं बरंचसं म्हणजे दुखणं असतं, आणि दुखण्यावर औषध असतं. डॉक्टरकडे न जाता घरच्या घरी "म्हातारं झालं" म्हणून सोडून देणं हीच या कुत्र्यांच्या बाबतीतली सगळ्यात मोठी गडबड आहे.

वय किती, हे कोणी खात्रीनं सांगत नाही

लॅब, शेफर्ड, रॉटवायलर अशी मोठी जात सात वर्षांपासून सिनियर धरतात, पॉम, पग अशी लहान जात नऊ-दहापासून, गावठी मधे कुठेतरी. रेस्क्यूवाले जे वय सांगतात तो अंदाज असतो, त्यावरून भांडू नका. तोंडावरचे पांढरे केस पाहून वय ठरवू नका, काही कुत्री चार-पाच वर्षांतच पांढरी व्हायला लागतात. दात पाहून थोडं कळतं पण रस्त्यावर हाडं, दगड चावून दात लवकर झिजतात, तिथेही फसायला होतं. डोळ्यात निळसर धुकट झाक दिसली तर लोक लगेच मोतीबिंदू म्हणतात, पण सहा-सात वर्षांनंतर ही झाक बहुतेकांना येते आणि त्यानं नजरेला फारसा फरक पडत नाही. मोतीबिंदू दुधासारखा पांढरा असतो आणि त्यात नजर खरंच जाते. दोन्हीतला फरक डॉक्टर टॉर्च मारून सांगतात. गावठी असेल तर कान पाहा, कानाचा तुकडा कापलेला असेल तर नसबंदी झालेली आहे आणि त्या वेळी रेबीजची लसही दिलेली आहे असं समजायचं.

आणायच्या आधी शेल्टरला किंवा फोस्टरच्या (तात्पुरतं सांभाळणाऱ्याच्या) घरी एकदाच जाऊन फोटो काढून येऊ नका, दोन-तीनदा जा, वेगवेगळ्या वेळी, एकदा जेवणाच्या वेळी तर एकदा दुपारी झोपलेलं असताना. उठून चालायला लागतं तेव्हा पहिली दहा पावलं नीट पाहा, लंगडत असेल तर तिथेच दिसतं. ताटलीजवळ कोणी गेलं तर गुरगुरतं का, मांजर पाहून काय करतं, लहान पोट्टे दिसले की मागे सरकतं का, पुरुष माणसाला किंवा काठी, झाडूला घाबरतं का, हे सगळं विचारा आणि स्वतःही पाहा. यातली एखादी गोष्ट निघाली म्हणजे ते कुत्रं वाईट असं नाही, पण तुमच्या घरात चार वर्षांचं मूल असेल आणि ते कुत्रं मुलांना घाबरत असेल तर नाही म्हणा, नाही म्हणण्यात काही पाप नाही. मोठ्या कुत्र्याचा फायदा हाच आहे ना की स्वभाव तयार झालेला असतो, समोर दिसतो. पिल्लाचं मोठं झाल्यावर काय होईल ते देवच जाणे.

शक्य असेल तर आधी फोस्टर म्हणून घ्या, बहुतेक लोक तयार होतात. फॉर्म भरायला लावतील, आधार मागतील, घर पाहायला येतील, त्याचा राग मानू नका, न विचारता देऊन टाकणारेच जास्त डेंजर. भाड्यानं राहत असाल तर घरमालकाला आधी सांगून ठेवा. सोसायटी असेल तर हे माहीत असू द्या की प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या गाइडलाइननुसार सोसायटीला बहुमतानं ठराव करूनसुद्धा कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्टलाही मनाई करता येत नाही. पण नियम दाखवून भांडण्यापेक्षा खालच्या काकूंची एकदा ओळख करून दिलेली बरी, कारण "कायले आणलं जी हे म्हातारं, पिल्लू नसतं का भेटलं?" असं म्हणणाऱ्या काकूच महिनाभरानं पोळी घेऊन येतात.

पहिल्या आठवड्यातच डॉक्टर

अंगावर जखम नाही, जेवतंय, मग कशाला लगेच, असं करू नका. आपल्याकडे नागपुरात सेमिनरी हिल्सचं व्हेटर्नरी कॉलेज आहे, 1958 पासूनचं, तिथली ओपीडी आहे, शिवाय धरमपेठ, प्रतापनगर, मानेवाडा सगळीकडे प्रायव्हेट क्लिनिक झालीत. कुठेही जा पण एकच डॉक्टर धरून ठेवा, म्हाताऱ्या कुत्र्याचे जुने रिपोर्ट असणं फार कामाचं असतं, आज क्रिएटिनिन (रक्तातला किडनीचा आकडा) किती यापेक्षा सहा महिन्यांत किती वाढलं हे जास्त सांगून जातं.

पहिल्या भेटीत रक्ताची पूर्ण तपासणी, किडनी, लिव्हर, शुगर आणि लघवी एवढं करून घ्या. डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात तेव्हा हृदयात मरमर (ठोक्यासोबत वेगळा आवाज) आहे का ते स्पष्ट विचारा, लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यात हृदयाची झडप ढिली होणं कॉमन आहे. अशा कुत्र्याला रात्री खोकला येतो आणि घरचे म्हणतात सर्दी झाली. पॉममध्ये श्वासनलिका दबल्यामुळेही तसाच कोरडा खोकला येतो, म्हणून त्यांना गळ्यात पट्टा नको, हार्नेसच. घरी एक सोपी गोष्ट करता येते, गाढ झोपलेलं असताना एका मिनिटात किती वेळा श्वास घेतं ते मोजायचं, 30 च्या आत पाहिजे. रोजच वर जात असेल तर डॉक्टरला फोन करा.

गोचिडाचा ताप वेगळा सांगावा लागेल कारण नागपुरात हा पाहुणा घरोघरी आहे. रस्त्यावरून आलेल्या कुत्र्यात एर्लिकिया आणि बॅबेसिया हे दोन आहेतच असं धरून टेस्ट करा. कुत्रं नुसतं मलूल दिसतं, जेवण कमी करतं, हिरड्या फिक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं, आणि रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स खाली गेलेल्या असतात. एर्लिकियाला डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात, साधारण 28 दिवसांचा कोर्स. पाचव्या-सहाव्या दिवशी कुत्रं टुणकन उठून जेवायला लागतं आणि लोक गोळ्या बंद करतात, हे अजिबात करायचं नाही, जेवण झाल्यावरच गोळी आणि पूर्ण कोर्स. बॅबेसियाला औषध वेगळं असतं, त्यात लघवी गडद लाल-तपकिरी होऊ शकते, तशी दिसली तर सकाळची वाट पाहू नका. आणि घरातला गोचीड मारल्याशिवाय कुत्र्यावरचा संपत नाही, तो भिंतीच्या भेगांमध्ये, पलंगाच्या सांध्यांमध्ये, कूलरच्या मागे जाऊन बसतो.

मादी असेल आणि नसबंदी झालेली नसेल तर ते काम पुढे ढकलू नका. माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांत खूप पाणी पिते, जेवत नाही, पोट फुगलंय, खालून पस येतोय, तर गर्भाशयात पू झालाय, पायोमेट्रा म्हणतात. हे इमर्जन्सी असतं, दोन दिवस थांबलं तर जीव जातो. कधीकधी गर्भाशयाचं तोंड बंद राहून पस बाहेर येतच नाही, म्हणून पाणी पिण्यावर लक्ष ठेवा. थनांना गाठी आहेत का ते दर महिन्याला पोटावर हात फिरवताना पाहायचं. गल्लीतून आलेल्या कुत्र्याच्या लघवीच्या जागेतून रक्ताचे थेंब पडत असतील तर टीव्हीटी नावाची गाठ असू शकते, कॅन्सर म्हटलं की लोक हातपाय गाळतात पण ही गाठ आठवड्याला एक असं व्हिनक्रिस्टिनचं इंजेक्शन दिलं की बहुतेक वेळा पूर्ण जाते.

दातांचं सगळ्यात दुर्लक्षित. तोंडाला घाण वास म्हणजे म्हातारपण नाही, किडलेले दात आणि सडलेल्या हिरड्या आहेत, आणि त्या दुखतात. भूल द्यायला लोक घाबरतात, "या वयात नको डॉक्टर". पण वय हा आजार नाही, रक्त, हृदय, किडनी ठीक असेल तर भूल देऊन दात साफ करता येतात, खराब असलेले काढता येतात, आणि त्यानंतर तेच कुत्रं पुन्हा जेवणावर तुटून पडतं. जुनी माहिती नसेल तर रेबीज आणि बाकीच्या लसी नव्यानं घ्या, जंताचं औषध दर तीन महिन्यांनी, आणि पुढे वर्षातून एकदा नाही तर दोनदा चेकअप.

पहिले दिवस

घरी आणलं की सगळे पाहुणे बोलावून दाखवू नका. एक कोपरा द्या, शक्यतो भिंतीला लागून, जिथून दार दिसतं, तिथे गादी, पाणी, आणि सोडून द्या. काही कुत्री दोन दिवस जेवत नाहीत, काही नुसती झोपतात, काही पलंगाखालून निघत नाहीत. रेस्क्यूवाल्यांमध्ये एक ठोकताळा आहे, तीन दिवस धक्क्यातून सावरायला, तीन आठवडे घराची सवय व्हायला, तीन महिने आपलं वाटायला. म्हाताऱ्यांना याहून जास्त लागतं असा माझा अनुभव आहे. त्याच्याजवळ जमिनीवर बसून आपलं वाचत बसा, मोबाइल पाहा, त्यालाच येऊ द्या. पाणीही न पिता एक दिवस गेला, किंवा दोन दिवसांवर उपाशी राहिलं, तर मात्र डॉक्टर.

पळून जायचा सगळ्यात जास्त धोका याच दिवसांत असतो, आणि म्हातारं आहे कुठं पळणार असं समजू नका, घाबरलेलं कुत्रं अंबाझरीहून सीताबर्डी गाठतं. हार्नेस आणि पट्टा दोन्ही घाला, दोन्हीला दोरी (पॉमला मात्र हार्नेसच), आणि गळ्यात फोन नंबर लिहिलेला बिल्ला पहिल्या दिवसापासून. गेट उघडं टाकून दूधवाल्याशी बोलत उभे राहू नका.

घरात लघवी करेल, करतेच. आयुष्यभर बाहेर राहिलेल्याला हॉल म्हणजे काय माहीत. झोपून उठल्यावर, जेवण झाल्यावर आणि मधे दर तीन-चार तासांनी बाहेर न्या, बाहेर केलं की लगेच खाऊ द्या, आत केलं की गुपचूप पुसा. नाक घासणं, ओरडणं, वर्तमानपत्राची गुंडाळी, हे सगळं बंद, त्यानं ते फक्त तुमच्यासमोर करायचं थांबवतं आणि सोफ्यामागे जाऊन करतं. बाहेर जायची सवय लागल्यानंतर पुन्हा झोपेत किंवा चालता चालता गळायला लागली तर ती शिस्तीची गोष्ट नाही, नसबंदी झालेल्या म्हाताऱ्या माद्यांमध्ये असं होतं, औषध आहे. लघवीत इन्फेक्शन, शुगर, किडनी हेही तपासायला हवं.

घरात आधीचं कुत्रं असेल तर भेट घरात नको, बाहेर मोकळ्या जागेत, दोघंजणं दोन दोऱ्या धरून, अंतर ठेवून एकाच दिशेनं चालायचं, हळूहळू जवळ. जेवण पहिले काही महिने वेगवेगळ्या खोलीत. नवीन कुत्र्यानं चावलं किंवा दात लागून रक्त आलं, भले त्याची लस झालेली असो, तर साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करा, मेयो, मेडिकल या दोन्ही सरकारी दवाखान्यांत जाता येतं. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही.

आपल्या घरातली फरशी ही म्हाताऱ्या कुत्र्याची वैरीण आहे. गुळगुळीत टाइल्स, त्यात रोज पोछा. मागचे पाय फाकतात, एकदा पडलं की ते त्या खोलीत यायलाच घाबरतं आणि आपण म्हणतो मूडी आहे. गादीपासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत जुन्या सतरंज्या, योगा मॅट, रबरी पायपुसणी, काहीही टाका, घर गबाळं दिसलं तरी चालेल. नखं वेळेवर कापा, पंजाच्या गाद्यांमधले केस कातरा. गादी जाड पाहिजे, गोणपाटावर झोपवलं की कोपरांना घट्टे पडतात. तिसऱ्या मजल्यावर राहत असाल आणि लिफ्ट नसेल तर 30 किलोची लॅब घेण्याआधी शांतपणे विचार करा की दोन वर्षांनी तिला दिवसातून चारदा कोण उचलणार.

जेवण

साधं ठेवा. भात, उकडलेलं चिकन किंवा अंडी, त्यात उकडलेलं लाल कोहळं, गाजर, थोडं दही. मीठ, तिखट, तेल नाही. अशा घरच्या जेवणात कॅल्शियम कमी पडतं, ते डॉक्टरला विचारून द्यायचं, नाहीतर चांगलं सिनियर फूड घ्या, अर्धं-अर्धं केलं तरी चालतं. रविवारचा सावजी रस्सा उरला म्हणून पोळी बुडवून देणं बंद, कांदा-लसूण कुत्र्याचं रक्त खराब करतो, शिजवलेलाही. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, शिजवलेली हाडं यांच्यावर पूर्ण फुली. बिस्किटाचे पुडे गल्लीतल्या कुत्र्यांना सगळेच देतात, मैदा आणि साखर आहे, सवय हळूहळू तोडा.

वजन वाढू देऊ नका. सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला वजन कमी करण्याइतकं चांगलं औषध नाही, आणि ते फुकट आहे. फासळ्या दिसायला नको पण हात फिरवल्यावर लागल्या पाहिजेत. एकदम दोन वेळा भरपूर देण्यापेक्षा दिवसातून तीनदा थोडं थोडं द्या. पाणी मोजायची सवय लावा, सकाळी मोजून भरायचं, रात्री उरलेलं मोजायचं. किलोमागे 50-60 मिली ठीक आहे, म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याला अर्धा लिटरच्या आसपास. उन्हाळ्यात वाढतं, ते चालतं, पण किलोमागे 100 मिलीच्या वर गेलं, शिवाय वजन उतरतंय, तर किडनी, शुगर पाहून घ्या.

दुखणं ओळखायचं कसं

कुत्रं क्वचितच केकाटतं. सांधा दुखत असलेलं कुत्रं काय करतं तर पायरीपाशी थांबून विचार करतं, गाडीत चढताना तुमच्याकडे पाहतं, एकच पाय चाटत बसतं, बसताना धपकन बसतं, हात लावला की मान वळवून पाहतं, आणि फिरायला निघालं की अर्ध्या वाटेतून घराकडे वळतं. कोणी "आता चिडचिडं झालंय" म्हटलं की मी पहिले विचारते, कुठं हात लावल्यावर चिडतं? डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा हे सगळं वाढतं, गादी जमिनीपासून थोडी वर घ्या, रात्री अंगावर काहीतरी असू द्या.

फोनवर तुम्ही दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा, सकाळी उठून चालतानाचा, कारण दवाखान्यात गेलं की भीतीनं कुत्रं एकदम ताठ चालतं आणि डॉक्टरला काही दिसतच नाही. आजकाल सांधेदुखीला चांगली औषधं आहेत, आयुष्यभर देता येतात, फक्त मधे मधे रक्त तपासावं लागतं. घरातली क्रोसिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, डायक्लोफिनॅक यातलं काहीही द्यायचं नाही, अर्धी नाही, पाव नाही. पोटात अल्सर होतो, किडनी, लिव्हर जातं, आणि मेडिकलवाला देऊन टाकतो म्हणून ते सेफ होत नाही.

रात्री उठून घरभर फिरणं, भिंतीकडे पाहत उभं राहणं, दाराच्या बिजागरीच्या बाजूला जाऊन दार उघडायची वाट पाहणं, हे मेंदूचं म्हातारपण असू शकतं, पण ते म्हणायच्या आधी दुखणं, लघवी, नजर, ऐकू येणं हे सगळं तपासून व्हायला हवं. रात्री एक छोटा लाइट चालू ठेवा, फर्निचर हलवू नका, पाण्याचं भांडं जिथं आहे तिथंच. ऐकू येत नसेल तर झोपेत हात लावून उठवू नका, गादीशेजारी जमिनीवर थापटा, आणि हे घरातल्या मुलांना दहादा सांगा.

मार्च ते जून

नागपूरचा उन्हाळा हा म्हाताऱ्या कुत्र्याच्या वर्षातला सगळ्यात वाईट काळ आहे, 45 च्या वर पारा जातो आणि मे अखेरच्या नवतपात तर रात्रीही झळा लागतात. फिरवणं सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री आठनंतर. रस्त्यावर हाताची उलटी बाजू ठेवून पाहा, सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्याचेही पाय भाजतात. दुपारी लघवीला न्यावंच लागलं तर सावलीत, मातीवर, दोन मिनिटं. पॉम, शेफर्डचे केस कातडीपर्यंत कापू नका, तो कोट उन्हापासूनही वाचवतो, नुसतं रोज विंचरून मेलेले केस काढा. पग आणि चपट्या नाकाच्या कुत्र्यांना या दिवसांत कूलर-एसीतून बाहेर काढूच नका म्हटलं तरी चालेल.

आणि कूलर. दर उन्हाळ्यात पेपरात बातमी असते, लोखंडी कूलरला करंट उतरून माणूस गेला. कुत्रं तर ओल्या फरशीवर कूलरला पाठ टेकवूनच झोपतं. सीझन सुरू व्हायच्या आधी इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग पाहून घ्या, शक्य असेल तर फायबर बॉडीचा घ्या, आणि कूलर आणि गादीच्या मधे स्टूल, खुर्ची, काहीतरी आडवं ठेवा. टाकीतलं पाणी पिऊ देऊ नका, त्याला माठातलं द्या.

जोरजोरात धाप, लाळ चिकट, हिरड्या लालभडक, पाय लटपटतात, उलटी, तर ऊन लागलंय. कुत्र्याचं नॉर्मल तापमान 101 ते 102.5 फॅरेनहाइट असतं, 104 च्या वर गेलं म्हणजे घाई करायची वेळ. लगेच सावलीत आणा, साधं थंड पाणी अंगावर, पोटावर, मांड्यांमध्ये ओता, पंखा लावा, आणि मग गाडीत टाका. आधी पाणी, मग दवाखाना. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, तो गरम होऊन उलट उष्णता अडवतो. तोंडात जबरदस्तीनं पाणी ओतू नका.

पावसाळ्यात लेप्टोची (उंदराच्या लघवीतून पाण्यावाटे पसरणाऱ्या आजाराची) लस झालेली आहे ना पाहा, साचलेलं पाणी पिऊ देऊ नका. रामनवमीची शोभायात्रा, गणपती विसर्जनाचा डीजे, दिवाळी, या दिवसांत संध्याकाळ व्हायच्या आत फिरवून आणा, आतली खोली, पडदे, पंखा-कूलरचा आवाज. फार थरथरत असेल तर डॉक्टरकडून गोळी आठवडाभर आधी आणून ठेवा, लक्ष्मीपूजनाच्या रात्री दहा वाजता फोन करून उपयोग नसतो.

पैशांचं सरळ बोलू. जेवणाला जेवढा लागतो साधारण तेवढाच खर्च औषधपाण्यासाठी दर महिन्याला बाजूला काढत चला, लागला नाही तर पुढच्या महिन्यात जातो. विमा बहुतेक ठिकाणी वयावर अडतो. गावाला जाताना कोणाकडे ठेवणार हे आधी ठरवा, म्हाताऱ्यांना बोर्डिंग झेपत नाही, ओळखीच्या माणसानं तुमच्याच घरी येऊन राहिलेलं सगळ्यात बरं. औषधांचा कागद फ्रिजवर चिकटवा.

आणि शेवटचं ठरवायची वेळ येते तेव्हा घरात दोन पार्ट्या पडतात, म्हणून आधीच बोलून ठेवा. एक कॅलेंडर घ्या, दिवस चांगला गेला तर टिक, वाईट गेला तर फुली. जेवलं का, उठून बाहेर गेलं का, दुखणं गोळीनं थांबलं का, एवढ्यावर ठरवायचं. फुल्या टिकांपेक्षा जास्त व्हायला लागल्या की डॉक्टरला विचारा, हे तुमचं कुत्रं असतं तर तुम्ही काय केलं असतं. झोपेचं इंजेक्शन द्यायचं ठरलं तर डॉक्टर घरी येतात का ते विचारा आणि शेवटपर्यंत जवळ बसा.

एक राहिलंच. प्रत्येक म्हातारं गावठी घरात आणण्यासारखं नसतं. दहा वर्षं एकाच गल्लीत काढलेल्या कुत्र्याला फ्लॅटमध्ये कोंडलं की ते दार खरवडत बसतं, जेवण सोडतं. त्याला तिथेच सांभाळता येतं. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या जागी, लोकांच्या येण्याजाण्यापासून बाजूला जेवण, जेवणातच गोळी, सिमेंटचं पसरट भांडं पाण्याला, थंडीत पोत्यात जुने कपडे भरून जिन्याखाली, वर्षातून एकदा रेबीजची लस, गोचिडाचं औषध. गल्लीतल्या अजून एका-दोघांचे नंबर घेऊन ठेवा, म्हणजे तुम्ही गावाला गेलात तरी गोळी चुकत नाही. आणि खरंच आजारी पडलं की तेवढ्यापुरतं घरी आणा, बरं झालं की दार उघडा, आत राहायचं का बाहेर जायचं ते त्यालाच ठरवू द्या.